वाचकांचे प्रश्न : परदेशात मोबाइल सेवा कोणत्या कंपनीची घ्यावी?

प्रश्न : आमची मुलगी सोलापुरातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन येत्या ऑक्टोबरमध्ये पुढील शिक्षणासाठी जर्मनीतील माग्डेबुर्ग येथे दोन वर्षांकरिता जात आहे. तेथे कोणत्या कंपनीचे सिमकार्ड घ्यावे, याविषयी प्रत्येक जण निराळे सांगतो. व्होडाफोन हे नाव परिचयाचे असल्याने तेच घ्यावे, असे आम्हाला वाटते. विमानतळावर उतरताच दोन वर्षांचा करार करून टाकावा का? तिचे येथील सिमकार्ड मात्र आम्ही घरीच ठेवून घेणार आहोत, म्हणजे बँकेचे ओटीपी आम्हाला तिला कळवता येतील.
— एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करतो. जर्मनीतील कंपनी चुकली तर ती पुढच्या महिन्यात बदलता येते; परंतु येथील क्रमांकाची व्यवस्था सोलापुरात असतानाच नीट झाली नाही, तर ती तेथे बसून दुरुस्त करणे फार जिकिरीचे होते. आपल्या मुलीचे बचत खाते, शैक्षणिक कर्ज, आधार आणि डिजिलॉकर ही सारी कामे त्या एका क्रमांकावर येणाऱ्या संदेशावर अवलंबून आहेत. सिमकार्ड घरी ठेवून ओटीपी फोनवर सांगण्याची पद्धत अनेक घरांत आहे हे खरे, पण ती मी सुचवणार नाही. ओटीपीची मुदत काही मिनिटांचीच असते आणि आपले घड्याळ जर्मनीच्या पुढे उन्हाळ्यात साडेतीन, तर हिवाळ्यात साडेचार तास असते. ती रात्री नऊ वाजता बँकेचे काम करायला बसली, तर हिवाळ्यात येथे दीड वाजलेला असेल. शिवाय यूपीआयची आणि अनेक बँकांची ॲप्स नोंदणी करताना त्याच फोनमधील सिमवरून आपोआप एक एसएमएस पाठवून क्रमांकाची खात्री करतात. तेथे घरून सांगितलेल्या आकड्यांचा काहीच उपयोग होत नाही. जर्मन क्रमांकावर यूपीआय चालेल, असेही गृहीत धरू नये. अनिवासी भारतीयांच्या खात्यांना परदेशी क्रमांकावरून यूपीआय वापरण्याची मुभा जानेवारी २०२३ मध्ये देण्यात आली, तेव्हाच्या दहा देशांच्या यादीत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि आखातातील काही देश होते, जर्मनी नव्हता.

म्हणून येथील क्रमांक तिच्याच फोनमध्ये ई-सिमच्या (वेगळ्या कार्डाशिवाय फोनमध्येच बसवल्या जाणाऱ्या सिमच्या) रूपाने ठेवावा आणि जर्मनीतील सिमकार्डासाठी दुसरी जागा मोकळी ठेवावी. फोन त्या सोयीचा आहे का, हे प्रथम पाहावे. त्यानंतरच्या कामांचा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मुलांची सिमकार्डे बहुधा वडिलांच्या नावावर असतात. तसे असल्यास ते आधी तिच्या नावावर करून घ्यावे, कारण पुढे सिम बदलण्याची वेळ आली तर ओळख पडताळणी नोंदणीकृत ग्राहकाचीच होते. येथील कंपनी बदलायची असेल तर तेही ई-सिम करण्याच्या आधीच उरकावे, कारण १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नियमानुसार सिम बदलल्यानंतर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. ई-सिम केल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस सेवा बंद राहते. ही फसवणूक टाळण्यासाठी ठेवलेली तरतूद आहे, परंतु ज्यांनी प्रवासाच्या आदल्या दिवशी ई-सिम करून घेतले त्यांची त्यामुळे मोठी अडचण होते. हे सारे किमान तीन आठवडे आधी संपवून बँकेचा एक ओटीपी प्रत्यक्ष मागवून पाहावा.

निघण्यापूर्वी त्या क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा आकार लागत नाही, तरी आपल्या योजनेत तसे आहे ना, हे कंपनीच्या दालनात विचारून घ्यावे. येणारा कॉल उचलला तर मात्र पैसे लागतात, आणि त्या सिमवरील डेटा रोमिंग चुकून चालू राहिले तर त्याहून अधिक लागतात. म्हणून डेटा रोमिंग बंद आहे, हे विमानात बसण्याआधी दोनदा पाहावे. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये डेटा नसलेले, केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा विशेष पॅकच्या मुदतीची मर्यादा ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. केवळ ओटीपीसाठी क्रमांक जिवंत ठेवणाऱ्यांना हेच पॅक उपयोगी पडते, आणि ते आपण सोलापुरातून सहज भरू शकता. भरणे लांबणीवर टाकू नये. मुदत संपून काही दिवस गेले की येणारे एसएमएसही थांबतात. सलग ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर क्रमांक बंद करण्याची मुभा कंपनीला आहे, आणि बंद झालेला क्रमांक पुढे दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो.

आता जर्मनीतील कंपनीविषयी. व्होडाफोन हे नाव परिचयाचे असणे हे निवडीचे कारण होऊ शकत नाही, कारण येथील ग्राहक असल्याचा तेथे कोणताही लाभ मिळत नाही. त्या देशात टेलिकॉम, व्होडाफोन आणि ओटू ही तीन जुनी जाळी (नेटवर्क) आहेत. वन-उंट-वन या चौथ्या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःच्या जाळ्यावर मोबाइल सेवा सुरू केली, पण जेथे तिचे मनोरे नाहीत तेथे तिला दुसऱ्यांच्या जाळ्याचा आधार घ्यावा लागतो. बाजारात मात्र यांखेरीज कितीतरी नावे दिसतील. सोलापुरात एकाच कारखान्यातला टॉवेल निरनिराळ्या नावांच्या वेष्टनांत विकला जातो, तसाच हा प्रकार आहे : आल्डी या किराणा दुकानांच्या साखळीत मिळणारे आल्डी टॉक हे सिम ओटूच्या जाळ्यावर चालते, लिडलचे व्होडाफोनच्या, आणि काँगस्टार ही तर टेलिकॉमचीच उपकंपनी आहे. ही सिमकार्डे स्वस्त असतात. गर्दीच्या वेळी किंवा कमाल वेगात काही वेळा मूळ कंपनीच्या ग्राहकापेक्षा थोडे कमी मिळते, पण विद्यार्थ्याच्या वापरात तो फरक क्वचितच जाणवतो. म्हणून सिमच्या वेष्टनावरील नावापेक्षा ते कोणत्या जाळ्यावर चालते, हे आधी विचारावे.

ते जाळे तिच्या खोलीत पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे. टेलिकॉमचे जाळे खेड्यापाड्यांत आणि रेल्वेमार्गांवर अधिक भरवशाचे मानले जाते आणि त्याची किंमतही त्याच प्रमाणात असते. परंतु विद्यापीठ असलेल्या शहरात राहणाऱ्या मुलीने त्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज असेलच असे नाही. तेथील नियामक संस्था प्रत्येक कंपनीच्या व्याप्तीचा नकाशा प्रसिद्ध करते. तो अवश्य पाहावा, मात्र जाड भिंतींच्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर काय मिळते, ते नकाशावरून कळत नाही. ते त्याच इमारतीत राहणारे विद्यार्थी सांगू शकतात, आणि माझ्या मते त्यांच्या एका वाक्याला दहा जाहिरातींपेक्षा अधिक किंमत द्यावी.

दोन वर्षांचा करार विमानतळावर तर नाहीच, पण पहिल्या तीन-चार महिन्यांतही करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. सुरुवातीला वसतिगृह बदलते, कधी अर्धवेळ कामानिमित्त शहरही बदलते. करारासाठी कंपन्या शूफा या संस्थेकडील पतनोंद तपासतात आणि नव्याने आलेल्या विद्यार्थ्याची तेथे काहीच नोंद नसते, त्यामुळे नकारही येऊ शकतो. प्रीपेड सिमला ही अडचण नाही. बऱ्याच प्रीपेड योजना चार आठवड्यांच्या असतात, म्हणजे वर्षाला बारा नव्हे तर तेरा हप्ते होतात. तुलना करताना हा हिशेब लक्षात ठेवावा. पुढे करार करावासा वाटलाच, तर कायद्यातली एक सोय माहीत असावी : १ डिसेंबर २०२१ पासून पहिली मुदत संपल्यावर करार आपोआप आणखी वर्षभर वाढवता येत नाही, त्यानंतर एका महिन्याच्या सूचनेने तो केव्हाही संपवता येतो. पहिली मुदत मात्र २४ महिन्यांपर्यंत असू शकते, आणि ‘फुकट’ फोनची किंमत त्याच मासिक हप्त्यांत घातलेली असते.

जर्मनीत प्रीपेड सिमही ओळख पटवल्याशिवाय चालू होत नाही. १ जुलै २०१७ पासून तसा नियम आहे. ही पडताळणी व्हिडिओ कॉलवर किंवा टपाल कार्यालयात होते. व्हिडिओवरील काही सेवा भारतीय पासपोर्ट स्वीकारत नाहीत; तसे झाले तर घाबरून न जाता पासपोर्ट घेऊन टपाल कार्यालयात जावे. बहुतेक ठिकाणी जर्मनीतील पत्ताही मागतात. या साऱ्यात काही दिवस जातात, म्हणून पहिल्या आठवड्यासाठी येथूनच एक प्रवासी ई-सिम घेऊन जाणे सोयीचे पडेल. त्यात केवळ डेटा असतो, स्वतःचा क्रमांक नसतो, पण उतरल्यावर नकाशा पाहण्यास आणि घरी व्हॉट्सॲपवर कळवण्यास तेवढे पुरते. फोनमध्ये येथील क्रमांकही ई-सिमवर असला तरी आधुनिक फोनमध्ये एकाहून अधिक ई-सिम साठवता येतात.

डेटा किती घ्यावा, याचा अंदाज पहिल्या महिन्यानंतरच येईल. विद्यापीठात एज्युरोम या विद्यापीठांच्या सामाईक सेवेचे वायफाय मिळते आणि वसतिगृहात बहुधा इंटरनेट असते, त्यामुळे मोठ्या पॅकची घाई नको. सुट्टीत ती शेजारच्या देशांत जाणार असेल तर युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून रोमिंगचा वेगळा आकार नाही, आणि ही सवलत २०३२ पर्यंत वाढवलेली आहे. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन त्या नियमात येत नाहीत. तसेच जर्मनीत बसून पोलंडमधील क्रमांकाला लावलेला कॉल हा रोमिंग नव्हे, तो आंतरराष्ट्रीय कॉल आहे आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

प्रश्न : माझे पती दुबईत नोकरीस आहेत. त्यांचा व्हॉट्सॲप कॉल लागत नाही, संदेश मात्र येतात. त्यांनी कंपनी बदलली तर कॉल लागेल का?
— एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : लागणार नाही. संयुक्त अरब अमिरातीत एतिसलात (आताचे नाव ई अँड) आणि डू या दोनच दूरसंचार कंपन्या आहेत, आणि व्हॉट्सॲपवरील आवाजी व व्हिडिओ कॉलवरची बंदी ही कंपनीची नव्हे, तेथील नियमांची आहे. ती दोन्हीकडे सारखीच लागू होते. परवाना असलेली बोटिमसारखी ॲप्स मात्र तेथे चालतात. ते ॲप आपणही आपल्या फोनवर घ्यावे. बंदी चुकवण्याचे मार्ग कोणी सुचवले तरी त्यांच्या नोकरीचा आणि व्हिसाचा विचार करून त्या वाटेला जाऊ नये. आपल्या पतींसाठी कंपनीपेक्षा योजना निवडणे महत्त्वाचे आहे : भारतात बोलण्याची किती मिनिटे तिच्यात आहेत, हे त्यांनी पाहावे. सिमची नोंदणी एमिरेट्स आयडीशी जोडलेली असते, म्हणून ते ओळखपत्र नव्याने मिळाले की कंपनीकडील नोंदही लगेच अद्ययावत करून घ्यावी.

प्रश्न : ऑगस्टमध्ये मी एम. एस. करण्यासाठी अमेरिकेत जात आहे. तेथील सीनियर विद्यार्थी त्यांच्या ‘फॅमिली प्लॅन’मध्ये मला घेण्यास तयार आहेत. त्यात सामील व्हावे, की स्वतंत्र सिम घ्यावे? फोन मी मागील महिन्यातच नवी पेठेतून घेतला आहे.
— एक विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : तेथे जोडण्या वाढतील तशी प्रत्येकी किंमत उतरते, त्यामुळे चार-पाच विद्यार्थी एका खात्यात एकत्र येतात आणि पैसे खरोखर वाचतात. तरी आपण पहिल्या दिवसापासून त्यात जाऊ नये, असे मला वाटते. त्या खात्याचा धनी एकच असतो आणि आपला क्रमांकही त्याच्याच खात्यात असतो. क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा झाल्यास खाते क्रमांक आणि हस्तांतराचा पिन लागतो, आणि तो त्या खातेदाराकडूनच मिळवावा लागतो. तो पदवी घेऊन दुसऱ्या राज्यात गेला, किंवा कोणी पैसे थकवल्याने खाते बंद पडले, तर आपल्या अमेरिकी बँकेशी आणि विद्यापीठाशी जोडलेला क्रमांक अडकतो. जायचेच असेल, तर खातेदार कोण, बिल कोणत्या तारखेला, आणि बाहेर पडताना पिन किती दिवसांत देणार, हे आधी लेखी ठरवून घ्यावे. मैत्रीत असे लिहून घेणे अवघड वाटते, पण मैत्री टिकावी म्हणूनच ते करावे.

स्वतंत्र सिमसाठी प्रीपेड पुरेसे आहे आणि त्याला सोशल सिक्युरिटी क्रमांक (तेथील सरकारी ओळख क्रमांक) लागत नाही. एटी अँड टी, व्हेरायझन आणि टी-मोबाइल ही तीन मोठी जाळी. त्यांच्यावर चालणारी स्वस्त नावे अनुक्रमे क्रिकेट, व्हिजिबल आणि मिंट. मिंटमध्ये अनेक महिन्यांचे पैसे आगाऊ भरावे लागतात, म्हणून तेथे आधी लहान मुदतीचे पॅक घेऊन पाहावे. बहुतेक पोस्टपेड योजनांच्या जाहिरातीतील किमतीवर कर आणि इतर आकार वेगळे चढतात, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्या फोनविषयी मात्र मला अधिक काळजी वाटते. तिन्ही कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केले आहे, त्यामुळे साधा कॉलही फोरजी किंवा फाइव्हजीवरूनच जातो आणि फोनची ती सोय त्या कंपनीने मान्य केलेली असावी लागते. एटी अँड टी याबाबत सर्वांत काटेकोर आहे. भारतात विकले जाणारे अनेक फोन तिच्या यादीत नसतात. टी-मोबाइलचा दूरवर पोहोचणारा बँड (लहरींचा पट्टा) ७१ किंवा व्हेरायझनचा बँड १३ येथील अनेक फोनमध्ये नसतो, आणि मग शहरात चालणारा फोन शहराबाहेर पडताच मुका होतो. ऑस्ट्रेलियात तर, २८ ऑक्टोबर २०२४ पासून तेथील उरलेले थ्रीजीही बंद होऊ लागल्यावर, आणीबाणीचा कॉल फोरजीवर लावू न शकणारे फोन जाळ्यावरूनच बंद करण्याचा नियम झाला. तिकडे जाणाऱ्या वाचकांनी त्याची नोंद घ्यावी. आपण फोनवर *#०६# डायल करून आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) मिळवावा आणि तिन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवरील तपासणीच्या पानावर तो भरून पाहावा. ज्या कंपनीच्या जाळ्यावर आपला फोन पूर्णपणे चालेल, तिच्याच जाळ्यावरील स्वस्त प्रीपेड सिम घ्यावे. तिन्हींकडून नकार आला, तर अमेरिकेत कंपनीच्या हप्त्यांवर फोन घेण्याऐवजी कोणत्याही कंपनीला न बांधलेला फोन पूर्ण किंमत देऊन घ्यावा. पुढे भारतात परतल्यावर त्यात येथील सिम चालावे, यासाठी एवढी काळजी आवश्यक आहे.