मेथी निवडण्याचा तास

प्रश्न: घणसोलीत राहतो, ऐरोलीत १५ लाखांची नोकरी. लोअर परळहून १९ लाखांची ऑफर आहे. पत्नीही नोकरी करते. सध्या संध्याकाळी मीच चार वर्षांच्या लेकीला पाळणाघरातून आणतो. मग पत्नी पोळ्या लाटते, मी मेथी निवडतो आणि लेक देठांची आगगाडी करते. एवढ्यावर मी खूश आहे. माझ्यात धमक नाही का? (घरकर्ज ३० लाख, २० वर्षं, हप्ता २६ हजार.)

उत्तर: पत्र मी छोटं केलंय. मूळ पत्रात ऑफरबद्दल दोन ओळी होत्या आणि मेथीबद्दल नऊ! धमक असण्या-नसण्याचं राहू द्या, हिशेब करू.

नव्या करप्रणालीत वाढीव चार लाखांवर सेससह (करावरच्या उपकरासह) सुमारे ७४ हजार कर जाईल. उरले महिन्याला २७ हजार. पाळणाघराचे जादा तास, बाहेरचं खाणं, पास, टॅक्सी यांचे दहा हजार वजा करा. राहिले सतरा. ठाण्याला गाडी बदलून जायचं म्हणजे रोज अडीच तास जास्त, बावीस दिवसांचे ५५. तासाला जेमतेम तीनशे रुपये. आज तुमचा कामाचा तास करापूर्वी सहाशेच्या वर जातो. म्हणजे दिवसातला सगळ्यात चांगला वेळ तुम्ही निम्म्या भावात विकणार.

पुढच्या वाढी १९ लाखांवर मिळतील, हे मात्र खरं. हप्त्याने तुमचा निम्मा पगार खाल्ला असता, तर मीच ‘जा’ म्हटलं असतं. तो चौथा हिस्साच खातो. म्हणून माझं मत: जाऊ नका. पण ऑफर हातात असतानाच सध्याच्या साहेबांशी वाढीचं बोला. अडीच लाख मिळाले तरी बरोबरी झाली, कारण त्यातून प्रवास वजा होत नाही.

बोनसमधून दरवर्षी एक हप्ता जादा भरा, कर्ज तीनेक वर्षं आधी फिटेल. लेकीचं सुकन्या समृद्धी बचत खातं उघडा, दहा वर्षांची होईपर्यंत उघडता येतं. आणि तुमचा विमा फक्त कंपनीचा आहे, ते मला खटकलं. नोकरी सुटली की तोही सुटतो. दोघांच्या नावे वेगवेगळा टर्म प्लॅन (निव्वळ आयुर्विमा) याच महिन्यात घ्या.

पत्नीचं मत पत्रात कुठेच नाही. हे आकडे आधी त्यांना दाखवा, मग परळला कळवा.