विहिरीत पहिल्यांदा उतरताना

पाठीला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधतोयस ना? मग आधी झाकण तपास. कॅन पूर्ण बुडाला की पाच लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणून पाच किलोच्या आसपास जोर त्याला वर ढकलतो. पाणी आत शिरलं की तेवढा आधार गेला. आमच्या वेळी वाळलेला भोपळा असायचा, हिशेब तोच.

छाती भरून श्वास घेतलास तर बहुधा तू तसाही तरंगशील. घोळ होतो तो घाबरून हात वर केल्यावर. बाहेर आलेल्या हातांना पाणी उचलत नाही, मग त्यांचं वजन डोक्याला खाली दाबतं. हात पाण्यातच ठेव.

बुडी मारायची घाई नको. दर 10 मीटरला एका वातावरणाइतका, म्हणजे जमिनीवर हवेचा असतो साधारण तेवढा, दाब वाढतो, पण कान दोन-तीन मीटरवरच ठणकतात. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकल. तरी दुखलं तर वर ये. मी एकदा बुडालेल्या कळशीसाठी हट्ट केला आणि आठवडाभर एका कानाने बहिरा झालो. विहीर अरुंद असो की ऐसपैस, दाब खोलीवरच ठरतो.

काठावर पट्टीचा पोहणारा आणि दोर असल्याशिवाय उतरू नकोस.