कात्री कुणाची?

प्रिय दोस्ता,

कादंबरीवरून केलेल्या चित्रपटावरचा तुझा लेख वाचला. 'मूळ कादंबरीतली सगळी धग सेन्सॉरने कापली' असं तू बेधडक ठोकून दिलं आहेस. कापली हे तुला कुणी सांगितलं? तू अभ्यासक नाहीस, साधा प्रेक्षक आहेस, हे मान्य. मीही तोच. साध्या प्रेक्षकाला मत असावंच. पण पुस्तकातून पडद्यावर येईपर्यंत कथेवर बऱ्याच जणांची कात्री चालते आणि आळ मात्र एकट्या सेन्सॉरवर येतो.

'सिंहासन' हा चित्रपट घे. 1979 चा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांची विजय तेंडुलकरांनी एकच पटकथा केली. एवढा ऐवज एका खेळात बसवायचा म्हणजे माणसं गळणार, प्रसंग गळणार. हे गाळायला कुठल्या मंडळाने सांगितलं नव्हतं. म्हणून काय गेलं याची यादी करत बसण्यापेक्षा काय ठेवलं ते बघ. निळू फुल्यांचा दिगू टिपणीस बघ. मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांकडे ऊठबस असलेला पत्रकार, सगळं कळतं आणि काहीच करता येत नाही. शेवटी डोकं फिरतं ते त्याचंच. पटकथेने सगळा पसारा त्या एका माणसाच्या नजरेला बांधला.

'बनगरवाडी'त अडचण निराळी. व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीत तरुण मास्तर स्वतःच गोष्ट सांगतो, त्याचा तो संथ, संकोची आवाज म्हणजेच निम्मं पुस्तक. कॅमेऱ्याला मास्तर बाहेरूनच दिसणार. अमोल पालेकरांच्या चित्रपटापेक्षा (1995) मला पुस्तक जवळचं वाटतं, पण ते का, हे मला एवढ्या दोन ओळींत सांगता येतं. 'पुस्तकाची सर नाही' या तुझ्या वाक्यात ते 'का' कुठेच नाही.

आता सेन्सॉर. थिएटरात सुरुवातीला प्रमाणपत्र दाखवतात तेव्हा तू बहुधा पॉपकॉर्न सांभाळत खुर्ची शोधत असतोस. ते वाचत जा. 1983 च्या नियमांप्रमाणे, मंडळाने काटछाट करून मंजुरी दिली असेल तर प्रमाणपत्राच्या डाव्या कोपऱ्यात खाली त्रिकोण काढत. काय कापलं त्याची नोंद दुसऱ्या भागात असे. त्या काळातल्या एखाद्या चित्रपटावर लिहिशील तेव्हा आधी तो कोपरा बघ, मग आरोप कर.

आणि 'ए' मिळालं म्हणजे चित्रपट वाह्यात, 'यू' म्हणजे सात्त्विक, हे डोक्यातून काढ. प्रमाणपत्र वय सांगतं, दर्जा नाही. 2023 च्या दुरुस्तीने 'यूए'चे तीन टप्पे केले: 7+, 13+ आणि 16+. तो पालकांना दिलेला इशारा आहे, त्यासाठी डोअरकीपर तुझ्या धाकट्या भावाला अडवणार नाही. 'ए'ला मात्र अठराच्या आतल्यांना सोडायचं नाही, हा कायदा.

खरी गंमत यापुढे आहे. 'ए' आलं की घरची मंडळी मिळून येत नाहीत, टीव्हीवर दाखवायचीही पंचाईत. मग निर्माता स्वतःच म्हणतो, हे दृश्य काढतो, पण 'यूए' द्या. पूर्वी अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण होतं. ते 2021 मध्ये बंद झालं, आता थेट उच्च न्यायालय. प्रदर्शनाची तारीख डोक्यावर असताना कोण कोर्टाची पायरी चढेल? मंडळाने कात्री उचलण्याआधीच निर्मात्याने ती चालवलेली असते. माझ्या मते कादंबरीची धग बरेचदा इथेच विझते, आणि बोंब मात्र सेन्सॉरच्या नावाने.

तेव्हा तो लेख पुन्हा लिही. कादंबरीतला एकच प्रसंग धर, तो पडद्यावर कसा आला किंवा का आला नसावा ते सांग, आणि माहीत नसेल तिथे 'सेन्सॉरने कापलं' लिहू नकोस. नायिकेच्या साड्यांवरचा परिच्छेदही काढ, वाचताना मला डुलकी लागली.

तुझा,
काका