मॉर्फीन सुरू झालं म्हणजे शेवट आला, असं नाही

अफूच्या कुळातल्या वेदनाशामकांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. मॉर्फीन, ट्रॅमाडॉल, फेंटॅनिल ही त्यातली नावं. काही घरांत या औषधांची नको इतकी भीती आहे, तर काही घरांत मुळीच नाही. चार पत्रांना इथे उत्तर देतो.

प्रश्न : बाबांना जबड्याचा कर्करोग आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी मॉर्फीनची १० मिलिग्रॅमची साधी गोळी दर ४ तासांनी लिहून दिली आहे. आजी म्हणते, “मॉर्फीन म्हणजे आता गंगाजळच पाजायचं.” बाबाही नशा चढेल म्हणून घाबरतात. कळ अगदी असह्य झाली तरच रात्री एखादी गोळी घेतात. (गुहागर)

उत्तर : गोळी घड्याळ बघून द्या, कळ बघून नको. साध्या मॉर्फीनचा असर साधारण ४ तास टिकतो. तो पुरता उतरून वेदना डोक्यावर चढली की तेवढ्याच गोळीने ती खाली येत नाही. मग घरचे म्हणतात, “बघा, याचाही उपयोग नाही.” मधल्या रात्री उठवावं लागू नये म्हणून झोपतानाच्या डोसबद्दल डॉक्टर बहुतेक वेळा वेगळी सूचना देतात, ती विचारून घ्या.

आजींना माझ्यातर्फे सांगा : मॉर्फीन माणूस जाणार म्हणून देत नाहीत, दुखतंय म्हणून देतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी ते सुचवलं. नीट बेताने वाढवत नेलेलं मॉर्फीन आयुष्य कमी करत नाही. वेदना आटोक्यात आली की माणूस दोन घास जास्त खातो, झोपतो, घरच्यांशी बोलतो. पहिले तीन-चार दिवस गुंगी आणि मळमळ जाणवेल. बऱ्याचदा ती गुंगी म्हणजे कित्येक रात्रींची राहिलेली झोप असते.

बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत राहते. म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच हवं, आणि तेही डॉक्टरांनी लिहून दिलेलं. इसबगोल देऊ नका. पाणी कमी पडलं की त्याने मळ आणखी अडकतो. जबड्यामुळे गिळता येत नसेल तर साधी गोळी कुटून देता येते. पण सावकाश विरघळणारी, दिवसातून दोनदा घ्यायची गोळी कधीही कुटू किंवा तोडू नका, कारण बारा तासांचं औषध एकदम अंगात जाईल.

उलट्या-जुलाब झाले किंवा लघवी कमी झाली तर पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना फोन करा. मूत्रपिंड मंदावलं की मॉर्फीन शरीरात साचतं. हलवूनही जाग येत नाही, श्वास मिनिटाला १० पेक्षाही कमी, घशात घरघर, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. काढा, लिंबूपाणी, काहीच तोंडात घालू नका.

हे औषध सहजी मिळत नाही, हा तुमचा पुढचा त्रास. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या धास्तीने अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांची वाट मोकळी झाली, तरी गावातल्या दुकानात ते मिळेल असं धरून चालू नका. जवळचं मान्यताप्राप्त केंद्र कोणतं, हे मुंबईच्या डॉक्टरांनाच विचारा. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होतो, रेल्वे अडते. शेवटच्या पाकिटापर्यंत थांबू नका.

प्रश्न : माझे यजमान ट्रॉलरवर तांडेल आहेत. पाठदुखीसाठी मिळालेली ट्रॅमाडॉलची जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणतात. आता दिवसाला सहा होतात. संध्याकाळी दारू, वर झोपेची गोळी. एखाद्या दिवशी गोळी नसली की जांभया, नाक गळणं, जुलाब, चिडचिड. हे व्यसन का? गोळ्या लपवून ठेवू का? (मालवण)

उत्तर : ताई, लपवू नका. एकदम बंद केल्याने त्यांचे हाल होतील आणि ते दुसरं दुकान शोधतील. जांभया, जुलाब ही शरीराला सवय झाल्याची खूण आहे. ती कर्करोगाच्या रुग्णालाही होते, आणि त्याला कुणी व्यसनी म्हणत नाही. पण डोस आपल्या मनाने वाढत गेला, चिठ्ठी जुनी, आणि गोळीवाचून दिवस जात नाही, म्हणजे उपचाराची गरज नक्की आहे.

मला सगळ्यात भीती वाटते ती रात्रीची. ट्रॅमाडॉल, दारू आणि झोपेची गोळी, तिन्ही मिळून झोपेतच श्वास मंद करतात. दारू आणि झोपेची गोळी एकत्र घेणं आजपासून थांबवायला सांगा. झोपेची गोळी किंवा दारू रोजची असेल तर तीही एकदम तोडू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करावी. ट्रॅमाडॉलचा डोस वाढला की फेफरं येऊ शकतं. सहसा दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा असते. नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर धोका आणखी वाढतो. भर दर्यात सुकाणूवर असताना फेफरं आलं तर काय होईल, हे मी तांडेलाच्या घरी सांगायला नको. पाकीटही वाचा. त्यात पॅरासिटामॉल मिसळलेलं असेल तर दारूबरोबर यकृतावर भार पडतो.

ट्रॅमाडॉल २०१८ पासून अंमली पदार्थ कायद्याखाली आहे. जुन्या चिठ्ठीवर ते देणारा दुकानदार तुमच्यावर उपकार करत नाही. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराबद्दल विचारा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६. हळूहळू कमी करत नेणं, गरज पडली तर ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध, असे चांगले उपचार आहेत. पाठीचंही मुळातून बघायला हवं. जुनाट पाठदुखीला ही औषधं फारशी मानवत नाहीत, व्यायाम आणि फिजिओथेरपीचा उपयोग जास्त. त्यांच्याशी बोलाल तेव्हा पाठीच्या दुखण्यापासून सुरुवात करा. दुखणं खरं आहे, हे तुम्ही मानता एवढं त्यांना कळलं तर ते सोबत येतील.

प्रश्न : आईच्या दंडाला फेंटॅनिलची पट्टी लावतो. वर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर चालेल का? (वेंगुर्ला)

उत्तर : अजिबात नको. उष्णतेने औषध झपाट्याने रक्तात उतरतं. चुलीजवळ किंवा उन्हातही बसवू नका, आणि ताप आला तर डॉक्टरांना कळवा. पट्टी सहसा ७२ तासांनी बदलतात. आधी जुनी काढा, नवी वेगळ्या जागी लावा, कापू नका. वापरलेल्या पट्टीतही लहान मुलाच्या जिवावर बेतेल इतकं औषध उरतं. चिकट बाजू आत दुमडून बंद डब्यात ठेवा आणि रुग्णालयात परत द्या. परसात टाकू नका.

प्रश्न : गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्या उरल्या आहेत. शेजारचा मुलगा आंबे काढताना झाडावरून पडला, त्याला एक दिली तर? (देवगड)

उत्तर : देऊ नका. तुमचं वय, वजन, मूत्रपिंड, इतर औषधं बघून लिहिलेली ती गोळी आहे. शिवाय झाडावरून पडलेल्याच्या डोक्याला मार असू शकतो. गुंगी आणि उलटी ही त्याची पहिली लक्षणं, आणि ट्रॅमाडॉलनेही नेमकं तेच होतं. डॉक्टरांना काही उमगणारच नाही. त्याला आधी तपासणीला न्या, मानेला झटका बसू न देता. आणि उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात परत घेतात का, ते विचारा. तोवर कुलपात ठेवा.