पाण्याची नळी आणि हरकतीचा अर्ज

चिपळूण,
मृगाचा दुसरा दिवस

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चार पानांतली साडेतीन रागाची आहेत. राग खोटा नाही. विकास योजनेच्या सुनावणीला तुला दोन मिनिटं मिळाली, तू 'क्लायमेट रेझिलियन्स', म्हणजे बदलत्या हवामानात टिकून राहणं, असं काहीसं म्हणालीस, साहेब 'नोंद घेतली' म्हणाले आणि शिपायाने पुढचं नाव पुकारलं. 'त्यांना ऐकायचंच नसतं,' असं तू लिहिलंस. पुष्कळदा नसतंच. पण पोरी, तू तिथे गेलीस कशी, ते आधी बघू.

तुझा लेखी अर्जच नव्हता. प्रारूप विकास योजना, म्हणजे गावाच्या पुढच्या वाढीचा कच्चा नकाशा, प्रसिद्ध झाली की नगररचनेच्या १९६६च्या कायद्यातल्या कलम २६ प्रमाणे लोकांना हरकती-सूचना द्यायला तीस दिवस असतात, आणि नियोजन समिती सुनावणी घेते ती त्या अर्जांवर. अर्ज नसताना तुला दोन मिनिटं बोलू दिलं, हा त्यांचा मोठेपणाच म्हणायचा. ती मुदत कधी गणपतीत येते, कधी आंब्याच्या सीझनमध्ये. दोन्ही वेळा आपला माणूस नकाशा बघायला कचेरीत फिरकणार नाही. मग फिरकायचं कोणी? ज्याला नकाशा वाचता येतो त्याने. एका अर्जात एकच मागणी लिही, शीट नंबर आणि सर्व्हे नंबर घालून. प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घे. आपल्या आर्किटेक्टच्या धंद्यातल्या लोकांना हे कारकुनी काम वाटतं, म्हणून ते कोणी करत नाही आणि नंतर व्याख्यानं देतात.

आता दुसरं. १९७२च्या कायद्याने आपल्याला 'आर्किटेक्ट' हे नाव लावायचा हक्क दिला, बाकी काही नाही. गावात घरं बांधतो तो गवंडी, नाहीतर ठेकेदार. म्हणजे आपलं वजन पाटीवर नाही. पण वकिलाला, पत्रकाराला, नगरसेवकाला जमत नाही असं एक काम आपल्याला येतं. जमीन उभी कापून दाखवता येते. सेक्शन काढता येतो.

२२ जुलै २०२१चा पूर तुला आठवत असेल, तेव्हा तू कॉलेजात होतीस. वरून पाऊस थांबेना, दोन दिवसांवर पौर्णिमा म्हणून खाडीला उधाण, आणि वाशिष्ठी, शिवनदी दोन्ही बाजारात. पूर ओसरला तसे सगळे भांडायला लागले, कोयनेच्या अवजलामुळे, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्यामुळे, झालं की गाळामुळे की भरावामुळे. मी त्या भांडणात पडलो नाही. आमच्या ओळखीच्या एका गवंड्याला घेतलं, त्याची पाण्याची पारदर्शक नळी घेतली, जिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं, आणि दुकानादुकानातून हिंडलो. भिंतीवर चिखलाची रेघ होतीच. एका मेडिकलमध्ये ती देवाच्या फोटोच्या बरोबर खाली थांबली होती, तिथला मालक म्हणाला, 'त्याच्या पायापर्यंत आलं आणि परत गेलं.' गवंडी नळीचं एक टोक रेघेला धरायचा, मी दुसरं टोक समोरच्या खांबाला. नळीत बुडबुडा अडकला की त्याने अंगठा काढून फुंकायचं आणि पाणी स्थिर होईपर्यंत आम्ही दोघांनी मुकाट उभं राहायचं. पोरं गोळा व्हायची. अशा एकतीस खुणा घेतल्या. डंपी, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, लावली असती तर एका दिवसात झालं असतं, पण डंपीतून एकटा मीच बघितलं असतं. नळीतलं पाणी सगळ्यांना दिसतं.

मग नदीपासून वरच्या आळीपर्यंत एकच लांबलचक सेक्शन काढला, त्यावर दुकानांची नावं मराठीत लिहिली आणि चहाच्या टपरीच्या फळीवर पसरला. दोन दिवस तो कागद तिथेच होता. चहाचे डाग पडले. लोक आपापलं दुकान शोधायचे आणि मग माझ्या चुका काढायचे. भाजीवाल्या एका आजींनी सांगितलं, 'पाणी नदीकडून नाय आलं आधी, गटारातून उलटं आलं.' ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गटाराच्या तळाची लेव्हल घेतली तर त्यांचंच बरोबर. पुढे त्या सखल भागात येऊ घातलेली एक सरकारी इमारत वर सरकली. माझ्या कागदामुळेच सरकली असं मी म्हणणार नाही, पण त्याची झेरॉक्स तिघांनी नेली होती.

निळ्या आणि लाल पूररेषेबद्दल तू फार ठाम लिहिलं आहेस, की निळ्या रेषेच्या आत वीटसुद्धा लावू देऊ नये. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. नियम म्हणून तुझं बरोबर आहे. पण ज्याचं तीन पिढ्यांचं दुकान आणि वर राहतं घर त्या रेषेत सापडलं, त्याला पुरानंतर डागडुजीची परवानगी मिळायची पंचाईत होते. इथले लोक या रेषांविरुद्ध रस्त्यावर आले ते काय उगाच नाही. त्यांना अडाणी समजलीस तर तुझं ऐकणार कोण? रेषा मान, पण रेषेतल्या माणसाला उद्या झोपायचं कुठे ते तुझ्या कागदावर दाखव. दोन रेषांमधल्या पट्ट्यात प्लिंथ, म्हणजे घराचं जोतं, लाल रेषेच्या दीड फूट वर घ्यायची अट असते. ती वाचून जो तो भराव टाकतो आणि आपलं पाणी शेजाऱ्याकडे ढकलतो. खांबांवर घर उचलून खालून पाणी जाऊ दिलं तरी अट पाळली जाते, हे मालकाला दोन चित्रांत समजतं. अजून मला ते कोणी भिंतीवर लावलेलं दिसलेलं नाही.

भरावावरून आठवलं. माझ्या हातून झालेलं तुला सांगितलं पाहिजे, नाहीतर मी जन्मापासून शहाणा होतो असं तुला वाटायचं. १९९८ साल. कोकण रेल्वे नुकती सुरू झालेली आणि उतारावरच्या जमिनींना गिऱ्हाईक यायला लागलेलं. एका मालकासाठी मी प्लॉट पाडले. मधून एक पऱ्ह्या, म्हणजे पावसाळी ओढा, जात होता, एप्रिलात ठणठणीत कोरडा. मी त्याच्यावरून चिऱ्यांचा गडगा नेला, खाली नऊ इंची पाईप टाकला आणि सही केली. जुलैत पाईपाच्या तोंडाशी माडाचं झाप येऊन बसलं. पाणी तुंबलं, रात्री गडगा फुटला आणि खालच्या घरात शिरलं. माणसं वाचली. कणगीतला भात गेला, वासरू गेलं. मी गेलो तेव्हा घरमालक ओटीवर चिखल उपसत होता. वर न बघता म्हणाला, 'तुम्ही आलात चैतात, पाणी येतंय मिरगात.' तेव्हापासून पावसात उभं राहून पाहिल्याशिवाय मी उतारावरच्या जागेचा नकाशा काढत नाही. त्यापायी कामं गेली आहेत. तुझीही जातील, त्याचा हिशेब आधी घरच्यांशी बोलून ठेव.

घरकुलाचं तू दोनच ओळीत उरकलंस, ते मला खटकलं. कारण तुझा खरा उपयोग तिथे आहे. प्रधानमंत्री आवासचं ग्रामीण घर निदान २५ चौरस मीटरचं, मदत सपाटीला १ लाख २० हजार, डोंगराळ भागाला १ लाख ३० हजार, तीही हप्त्याहप्त्याने. एवढ्यात माणूस काय करतो? जांभ्याच्या चार भिंती उभ्या करतो आणि वर पत्रा. हात थोडा सैल असेल तर स्लॅब. तो पाचव्या पावसात गळतो, मग स्लॅबवर पत्र्याची शेड. एका घराला दोन छपरांचा खर्च! ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला आलं तेव्हा मंडणगड-दापोलीपर्यंत पत्रे माडांवर जाऊन बसले होते. मी तेव्हा पडलेल्या घरांतून फिरलो. भिंती बहुतेक ठिकाणी शाबूत, आणि वासा भिंतीला बांधलेलाच नाही, नुसता ठेवलेला. पुढच्या पडवीचं छप्पर मुख्य छपराला जोडून घेतलेलं, त्यामुळे वारा पडवीत शिरला आणि सगळंच उचलून घेऊन गेला. पडवीचं छप्पर सुटं ठेवलं असतं तर गेलं असतं तेवढंच.

हे तीन तपशील, म्हणजे वासा लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांवरच्या, पट्ट्याला कसा बांधायचा, पडवी सुटी कशी ठेवायची, पत्र्याचे हुक कडेला किती जवळ घ्यायचे, एका कागदावर काढ. वासा, रीप, आडं, कैची हेच शब्द वापर. खर्च किती वाढतो तो गवंड्याकडून काढून घे, स्वतः अंदाज करू नकोस. आणि ग्रामसभेत जा. २६ जानेवारीची पकड. १ मेला चाकरमानी आलेले असतात, ते फार बोलतात, आणि तोवर चिरेही उतरलेले असतात.

रस्त्यांबद्दल थोडकंच. तू सायकल ट्रॅक मागितलास, या चढउताराला! आधी पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटा, मोज. कुठल्या मोडल्यात, कुठे दिवा नाही, कुठली पाखाडी चौपदरी हायवेने अर्धी तोडली आणि पलीकडच्या शाळेत जाणारी मुलं आता दुभाजकावरून कुठे उड्या मारतात. बाजाराच्या दिवशी स्टँडवर वही घेऊन सकाळी सात ते दहा बस, पायी किती आणि गाडीतून किती ते मोज. रत्नागिरीत स्टेशन कुवारबावला आणि गाव खाली. रात्रीच्या गाडीने उतरलेल्या बाईला रिक्षावाला सांगेल तो दर, तर तिथे गाडीच्या वेळेला एसटी मागणं ही पण शहर-नियोजनाचीच मागणी आहे. आणखी एक, हे कोणीच बोलत नाही म्हणून तुला सांगतो. किनाऱ्यालगतच्या रेवस-रेड्डी मार्गासाठी खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. आज दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीत मोटारीच्या शेजारी मासळीची टोपली घेऊन बाई उभी राहते. पूल झाल्यावर ती चालत जाणार कुठून? पुलाचा आडवा सेक्शन मागवून घे आणि पायवाट किती रुंद आहे ते बघ. नसेल तर अर्ज कर, आता, पुलाच्या तुळया, गर्डर, चढायच्या आधी.

एकटी जाऊ नकोस कुठे. बरोबर एखादी आरोग्य खात्याची आशाताई, एखादा एसटीचा निवृत्त कंडक्टर असू दे, त्यांना साहेब नाही म्हणताना अवघडतात. आणि ज्या बिल्डरच्या विरोधात हरकत घ्यायची त्याचं काम टेबलावर ठेवू नकोस. हे तुझ्या बाबांना विचार, ते जास्त कडक शब्दांत सांगतील.

पुढच्या अमावास्येला उधाण आहे. भरतीच्या वेळी गटारातून पाणी उलटं कुठवर चढतं, त्याच्या खुणा मला पुन्हा घ्यायच्या आहेत. जुना गवंडी आता जिना चढत नाही, म्हणून दुसरं टोक धरायला तू ये. नळी आहे, पन्नास फुटी. खडू मात्र तेलाचा आण, मागच्या वेळी साध्या खडूच्या खुणा मी घरी पोचेपर्यंत पुसल्या होत्या. जेवायला घरीच ये, काकूने विचारलं आहे.

तुझा,
काका