जुन्या 6 व्होल्ट बुलेटचं वायरिंग आणि फ्यूज बदलायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची 1976 सालची बुलेट 350 आहे, मूळ 6 व्होल्टची. बॅटरीजवळ काचेचा एकच फ्यूज आहे आणि हल्ली मागचा ब्रेक दाबला की तो उडतो. गॅरेजवाल्यानं त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून गाडी चालू करून दिली. आता तुम्हाला नव्या गाड्यांसारखा ब्लेड फ्यूजचा (चपट्या पात्यांच्या प्लॅस्टिकच्या फ्यूजचा) बॉक्स बसवायचा आहे. सगळं वायरिंग नवं टाकावं का आणि गाडी 12 व्होल्ट करावी का, हेही विचारलंय.

सगळ्यात आधी ती चांदी काढा, आजच. बॅटरी सहाच व्होल्टची असली तरी शॉर्ट झाल्यावर ती काही क्षण शंभरेक अँपिअर सहज देते. तेवढ्या करंटला चांदी वितळत नाही, वायर वितळते, आणि तुमच्या गाडीत ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून जाते. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरीसाठी असतो. ही गोष्ट मनात पक्की बसली की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात: आधी कुठल्या दिव्याला किती करंट लागतो ते काढायचं, त्यावरून वायर ठरवायची आणि मग त्या वायरीला सोसेल एवढाच फ्यूज घालायचा. लोक नेमकं उलटं करतात. फ्यूज उडाला की मोठा फ्यूज घालतात.

नवा बॉक्स आणण्याआधी आत्ताचा शॉर्ट शोधा, नाहीतर तो नव्या बॉक्समध्येही फ्यूज उडवत राहील. त्यासाठी महागडं काही लागत नाही. हेडलाइटचा एक जुना 6 व्होल्टचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि फ्यूज काढून त्याच्या जागी हा बल्ब लावा. आता बाकीचे दिवे बंद ठेवून, चावी फिरवून ब्रेक दाबा. सगळं ठीक असेल तर ब्रेकचा दिवा मिणमिणता लागेल आणि हा बल्ब त्याहून मंद राहील. हा बल्ब लख्ख पेटला तर पुढे कुठेतरी वायर बॉडीला टेकलेली आहे. करंट बल्बमधूनच जात असल्यामुळे काही जळत नाही, म्हणजे तुम्ही निवांत शोधू शकता. ब्रेक कुणालातरी दाबून धरायला सांगा आणि स्विचपासून मागच्या दिव्यापर्यंत वायर हातानं हलवत जा. ज्या ठिकाणी हलवल्यावर बल्ब मंदावेल, तिथे दोष आहे.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणावरून माझा पहिला संशय मागच्या मडगार्डवर आहे. मडगार्डच्या भोकातून वायर आत जाते तिथे रबराचं ग्रोमेट असतं. ते वर्षानुवर्षांच्या उन्हानं दगडासारखं होतं, त्याचे तुकडे पडतात आणि पत्र्याची उघडी कड वायर कापत राहते. चाकानं उडवलेला चिखल वाळून तिथे जमतो, त्यामुळे वरून बघितलं तर काही दिसत नाही. चिखल खरवडून बघा. (दुसरी एक खूण: इंजिन बंद, सगळे स्विच बंद, तरीही फ्यूज घातल्याघातल्या उडत असेल, तर रेक्टिफायर, म्हणजे एसी करंटचा डीसी करणारा भाग, आतून शॉर्ट झालेला असण्याची शक्यता जास्त.)

आता अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट. जुन्या गाडीच्या वायरिंगच्या निम्म्याहून अधिक तक्रारी मला इथेच सापडल्या आहेत आणि तरी नवं वायरिंग टाकताना याच्याकडे कोणी बघत नाही. हेडलाइटचा करंट परत बॅटरीकडे जातो तो तुमच्या गाडीत बहुधा कॅस्केटच्या (हेडलाइट बसवलेल्या पुढच्या डोक्याच्या) पत्र्यातून, हँडलच्या कोनसेटमधून, म्हणजे ग्रीस भरलेल्या गोळ्यांमधून, चासीवर आणि तिथून बॅटरीवर. त्यात कोणी चासीला पावडर कोटिंग केलं असेल तर बोल्टखालचा जाड थर करंट जवळपास अडवूनच धरतो. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवा, हेडलाइट चालू करा, एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरं हेडलाइटच्या होल्डरच्या बॉडीला लावा. आकडा 0.1 ते 0.2 व्होल्टच्या आत असावा. 0.5 किंवा त्याहून जास्त आला, तर नवा बल्ब आणि नवी बॅटरी घालूनही उजेड पडणार नाही. उपाय साधा आहे. हेडलाइटपासून थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत एक स्वतंत्र वायर ओढा, तशीच मागच्या दिव्यापासून एक, आणि इंजिनच्या बोल्टपासून एक जाड. बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासून, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बसवून, वर थोडं व्हॅसलीन लावा.

अर्थ कुठल्या टोकाला आहे तेही बघून ठेवा. त्या काळातल्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं प्लस टोक चासीला जोडायची पद्धत होती आणि मधल्या काळात तुमच्या गाडीचं कोणी काय केलं असेल सांगता येत नाही. फ्यूज नेहमी चासीला न जोडलेल्या टोकावर घालायचा. प्लस अर्थ असेल तर एलईडी बल्ब किंवा मोबाइल चार्जर विचार न करता जोडू नका.

6 व्होल्टच्या गाडीत वायरीची जाडी इतकी महत्त्वाची का, याचा हिशेब करून दाखवतो. 35 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 2.9 अँपिअर घेतो, 6 व्होल्टवर 5.8. म्हणजे करंट दुप्पट, आणि हातात व्होल्ट मात्र निम्मे. बॅटरीपासून हेडलाइटपर्यंत जाऊन परत यायला 3 मीटर वायर धरा. 0.75 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर नव्या वायरीतही जवळपास 0.4 व्होल्ट वाटेतच जातात. साध्या फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगानं घटतो, त्यामुळे एवढ्याशा घटीनं सुमारे पाचवा हिस्सा उजेड जातो. 12 व्होल्टच्या गाडीत तीच वायर असती तर जेमतेम विसावा हिस्सा गेला असता असं समजा. आणि हे झालं नव्या तांब्याचं. तुमच्या वायरीचं टोक सोलून बघा: तांबं काळं किंवा हिरवट पडलं असेल आणि दोन-तीन सेंटिमीटर मागे सोललं तरी तसंच असेल, तर ती वायर सांधण्यात अर्थ नाही. तसं असेल तर संपूर्ण वायरिंग बदला. तांबं लालसर आणि प्लॅस्टिक लवचिक असेल तर खराब झालेल्या शाखाच बदला, मूळ वायरिंग शक्य तितकं राहू द्या.

माझ्या बुलेटवर (तीही 6 व्होल्टचीच आहे) मी चार फ्यूज केले आहेत. बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत 15 अँपिअरचा मुख्य फ्यूज आणि तिथून पुढे 2 चौरस मिलिमीटरची वायर. नंतर वाटणी: हेडलाइटला 10 अँपिअर आणि 1.5 ची वायर, इग्निशनला 7.5 आणि 1 ची वायर; मागचा दिवा, ब्रेक लाइट आणि मीटरचा दिवा मिळून 7.5 आणि 1 ची वायर. हॉर्न मी मुख्य फ्यूजवरच ठेवला आहे, जाड वायरीनं. तुमचे आकडे तुम्ही स्वतः काढा. बल्बवर वॅट लिहिलेले असतात, त्याला व्होल्टनं भागा. इग्निशन कॉइलचा रोध मल्टिमीटरवर मोजा. माझ्या कॉइलचा 1.7 ओम भरला, म्हणजे पॉइंट (कॉइलचा करंट चालू-बंद करणारे संपर्क) मिटलेले असताना साडेतीन अँपिअर. फ्यूजवर कायमचा भार त्याच्या आकड्याच्या तीन चतुर्थांशाच्या आत ठेवायचा. या वाटणीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो इग्निशनचा वेगळा फ्यूज. एकच फ्यूज असला की टेललाइटची वायर घासली तरी इंजिन बंद पडतं आणि सगळे दिवेही जातात. रात्री खंबाटकी घाटात मागून ट्रक येत असताना हे झालं तर काय होईल, सांगायला नको.

ब्लेड फ्यूज घ्यायचा तुमचा विचार अगदी योग्य आहे. काचेच्या फ्यूजच्या टोप्या स्प्रिंगच्या दाबावर टेकलेल्या असतात, बुलेटसारख्या एका सिलिंडरच्या थंपर इंजिनाच्या हादऱ्यांनी त्या सैल होतात, गंजतात, गरम होतात. ब्लेड फ्यूज घट्ट बसतो आणि रंगावरून ओळखता येतो: 7.5 तपकिरी, 10 लाल, 15 निळा. एक सावधगिरी मात्र बाळगा. जुन्या लुकास (ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं, तो आकडा फ्यूज उडण्याचा असतो. सतत वाहायला तो 17 अँपिअरचाच असतो. तो आकडा बघून कोणी 35 चा ब्लेड फ्यूज मागू नये. बॉक्स झाकणाचा घ्या आणि बॅटरीच्या बाजूच्या डब्यात आत बसवा, बाहेरून गाडी होती तशीच दिसेल. पत्र्याला नवं भोक पाडायची गरज नाही.

वायर गाड्यांचीच घ्या. पुण्यात नाना पेठेत मिळते. दुकानात 'चाळीस-छत्तीस', 'सत्तर-छत्तीस' अशी भाषा ऐकू येईल: 36 गेजच्या 40 तारा म्हणजे साधारण 1.2 चौरस मिलिमीटर, 70 तारा म्हणजे 2. घरगुती फिटिंगची वायर स्वस्त पडते, पण तिच्या तारा कमी आणि जाड असतात; हादऱ्यांनी त्या आतल्या आत तुटतात आणि वरून प्लॅस्टिक शाबूत दिसतं. रंग जुन्या वायरिंगप्रमाणेच ठेवा, पुढच्या मेकॅनिकवर उपकार होतील.

जोड चांगल्या क्रिंपिंग पक्कडीनं (टोकाची कडी वायरीवर दाबून बसवणाऱ्या) द्या. सोल्डर मारलेला जोड मजबूत वाटतो, पण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक आणि मऊ अशी दुभंगते आणि नेमकी तिथेच तुटते. सोल्डर करायचंच असेल तर वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून वायर जवळच बांधून टाका. काळी चिकटपट्टी टाकीखाली वापरू नका, इंजिनच्या उष्णतेनं तिचा डिंक होतो; पीव्हीसी स्लीव्ह घाला. बांधण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, कॅस्केटमध्ये जाणारी वायर कुठेही ताणली जाता कामा नये. कॅस्केटमधल्या अँमीटरच्या मागचे नट उघडे असतात, त्यांवर रबरी टोप्या बसवा. गाडीचा जवळजवळ सगळा करंट तिथून जातो.

काम एका दिवसात उरकायच्या मागे लागू नका. आधी प्रत्येक जोडाचा फोटो, प्रत्येक टोकाला मास्किंग टेपची चिठ्ठी, आणि एकेक शाखा काढून तीच पूर्ण करून तपासली की मग पुढची. बॅटरी नेहमी शेवटी जोडायची, आणि पहिल्यांदा जोडताना फ्यूजच्या जागी तोच टेस्ट बल्ब ठेवायचा.

12 व्होल्टबद्दल: आत्ता करू नका. त्यासाठी बॅटरी, रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइल, हॉर्न आणि झाडून सगळे बल्ब बदलावे लागतात. अर्थिंग आणि जाड वायर एवढ्यानंच 6 व्होल्टचा हेडलाइट किती सुधारतो ते आधी बघा. नंतर 12 करावंसं वाटलंच तर आज टाकलेली जाड वायर तशीच चालेल, फक्त करंट निम्मा झाल्यामुळे फ्यूज नव्यानं मोजून लहान करावे लागतील.

मडगार्डच्या भोकापाशी काय सापडलं आणि हेडलाइटच्या अर्थचं मोजमाप किती आलं, ते इथे लिहा. त्या दोन गोष्टी कळल्या की पूर्ण वायरिंग काढायचं की नाही, हे नक्की सांगता येईल.