नऊशेची की अडीच हजारांची?

वाइन पहिल्यांदाच घ्यायची आहे, आठ जणांसाठी झणझणीत मटणाचा बेत आहे आणि दुकानात नऊशेची व अडीच हजारांची अशा दोन बाटल्यांपाशी आपण अडखळलात, असे आपण लिहिले आहे. अडखळणे स्वाभाविकच आहे. आंबा हुंगून घेता येतो, कलिंगडावर टिचकी मारून पाहता येते. वाइनची बाटली मात्र घरी नेऊन उघडेपर्यंत आत काय आहे याचा थांग लागत नाही, म्हणून गिऱ्हाईक किंमत, लेबल आणि ओळखीचे नाव यांवर भिस्त ठेवते.

यांपैकी किंमत सर्वांत फसवी. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच वाइन लोकांना एकदा ५ डॉलरची आणि एकदा ४५ डॉलरची म्हणून चाखायला दिली होती. महागडी म्हणून दिलेली त्यांना अधिक आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखाशी निगडित भाग अधिक उद्दीपित झालेला दिसला. म्हणजे ती मंडळी उगाच मान डोलावत नव्हती, त्यांना ती खरोखरच चांगली लागत होती. (काही यजमान बाटली उघडण्याआधीच किंमत का सांगून टाकतात, ते मला हे वाचल्यावर कळले.)

मी स्वतः किमतीआधी लेबलवरचे साल (म्हणजे द्राक्षांच्या काढणीचे वर्ष) आणि बाटली ठेवलेली जागा पाहतो. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, आणि तिकडची चेनिन ब्लांसारखी पांढरी वाइन ताजेपणीच चांगली लागते. त्यामुळे तिच्यावर चार-पाच वर्षांपूर्वीचे साल दिसले तर ती मुरली आहे असे न समजता पडून राहिली आहे असे समजावे. जागेचे म्हणाल, तर आपल्याकडच्या ‘वाइन शॉप’मध्ये खप व्हिस्की-बिअरचा आणि वाइन बिचारी कोपऱ्यात. एकदा ऐन मे महिन्यात मी काचेच्या दाराशी उन्हात उभी असलेली महागडी रेड उचलली होती. घरी येऊन पाहतो तो बूच वर सरकलेले, आणि पेल्यात उकडलेल्या मनुकांचा वास.

आता आपल्या बेताविषयी. तिखट रश्शाबरोबर तुरट रेड घेतली की जिभेची आग आणखी भडकते, म्हणून किंचित गोडवा असलेली, नीट गार केलेली चेनिन ब्लां घ्यावी. नऊशेची बाटली तशी असेल आणि साल गेल्या एक-दोन वर्षांतले असेल, तर तीच घ्यावी, शक्यतो दुकानदाराच्या फ्रिजमधली. आणि दोन घ्याव्यात, कारण ७५० मिलिलिटरच्या बाटलीत जेमतेम पाच पेले भरतात.